घुंगरूभर सोनं, गळ्यात बिल्ला

1492 साली कोलंबसाने अमेरिकेचा शोध लावला, हे वाक्य आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलं. त्यानंतर काय झालं, ते धड्यात नव्हतं. जहाज किनाऱ्याला लागलं, झेंडा रोवला आणि धडा संपला. मला मात्र पुढची तीन-चार वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. एका अख्ख्या समाजाला खंडणीला कसं जुंपतात, हे त्या वर्षांत टप्प्याटप्प्याने दिसतं. त्यातली सगळ्यात बोलकी वस्तू म्हणजे तांब्याचा किंवा पितळेचा एक छोटा बिल्ला.

बिल्ला म्हटलं की आपल्याला रेल्वे स्टेशनवरच्या हमालाच्या दंडावरचा पितळी बिल्ला आठवतो. तो बिल्ला म्हणजे काम करण्याचा परवाना. आपण बोलतोय तो वेगळा. तो गळ्यात घालायचा आणि त्याचा अर्थ एवढाच: या माणसाने या तीन महिन्यांची खंडणी भरली आहे. ज्याच्या गळ्यात तो नाही, त्याने भरलेली नाही, त्याला शिक्षा करा.

हे घडलं कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पॅनिओला बेटावर. आज त्या बेटाच्या पूर्व भागात डॉमिनिकन रिपब्लिक आहे आणि पश्चिम भागात हैती. तिथे राहणाऱ्या लोकांना आपण आज ताइनो म्हणतो. हे लोक शेतकरी होते, मासेमारी करणारे होते, कापूस पिकवून सूत काढणारे होते. त्यांच्या प्रमुखाला कासिके म्हणत. बेटावर असे अनेक कासिके होते आणि त्यातले पाच मोठे.

आधी घुंगराची गोष्ट सांगतो, कारण बिल्ल्याची गोष्ट तिथून सुरू होते.

युरोपातले श्रीमंत लोक ससाणे पाळून त्यांच्याकडून शिकार करून घेत. ससाणा झाडीत दिसेनासा झाला तर आवाजावरून सापडावा म्हणून त्याच्या पायाला एक बारीक गोल घंटी बांधत. आपल्याकडच्या घुंगरासारखीच ती दिसते. आत खडा, खाली चीर, हलवली की खुळखुळते. किंमत अगदी किरकोळ. कोलंबसाने पहिल्या सफरीला निघताना देवाणघेवाणीसाठी काचेचे मणी, लाल टोप्या आणि अशी घुंगरं सोबत घेतली होती. ताइनोंना त्या आवाजाने वेड लावलं. त्यांचे उत्सव नाचगाण्याचे असत, त्यांना ते आरेइतो म्हणत. नाचणाऱ्या माणसांना खुळखुळणारी वस्तू आवडावी, यात नवल काय? 26 डिसेंबर 1492 च्या नोंदीत कोलंबस लिहितो की होडीतून आलेले लोक सोन्याचे तुकडे दाखवत आणि घुंगरांसाठी ‘चुक चुक’ असा आवाज काढत. एका घुंगरासाठी ते सोनं द्यायला तयार होते.

त्या वेळी कोलंबसाची माणसं तिथे का होती, तेही पाहायला हवं. नाताळच्या आदल्या रात्री त्याचं ‘सांता मारिया’ हे जहाज हिस्पॅनिओलाच्या किनाऱ्यावर रुतून फुटलं. त्या भागाचा कासिके ग्वाकानागारी याने आपल्या होड्या आणि माणसं पाठवून जहाजातलं सामान किनाऱ्यावर आणून दिलं. एक वस्तूही गहाळ झाली नाही, असं खुद्द कोलंबसानेच लिहून ठेवलं आहे. त्याच जहाजाच्या लाकडांतून एक गढी बांधली गेली, तिथे 39 माणसं ठेवून कोलंबस स्पेनला परतला. पाहुण्याशी कसं वागायचं, हे त्या किनाऱ्यावर कुणाला शिकवायची गरज नव्हती.

दुसऱ्या सफरीत चित्र बदललं. 1493 च्या सप्टेंबरात कोलंबस 17 जहाजं आणि हजारावर माणसं घेऊन निघाला. आता शोध घ्यायचा नव्हता, वसाहत करायची होती. गढीपाशी पोचल्यावर ती जळालेली आणि 39 जण मेलेले दिसले. मागे राहिलेल्या स्पॅनिशांनी सोन्यासाठी आणि बायकांसाठी आसपासच्या लोकांना छळलं होतं, ते एकमेकांतही भांडले होते. 1494 च्या जानेवारीत बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर ला इसाबेला ही वस्ती उभी राहिली. थोड्याच दिवसांत तिथे आजार आणि उपासमार सुरू झाली. आलेल्यांतले बरेचजण ‘सोनं वेचायला’ आले होते, शेत नांगरायला नाही.

आता पैशाचा हिशोब समजून घेऊ, कारण पुढची सगळी क्रूरता या हिशोबातून निघते. एप्रिल 1492 मध्ये झालेल्या करारानुसार नव्या प्रदेशातून येणाऱ्या संपत्तीचा दहावा हिस्सा कोलंबसाचा होता, बाकीचा राजाराणीचा. 17 जहाजांचा खर्च झाला होता. दरबारात कोलंबसाने सोन्याची मोठमोठी वर्णनं केली होती. जहाजं परत जाताना त्यांत काहीतरी भरून पाठवणं त्याला भाग होतं. मसाले सापडले नाहीत, सोनं थोडंथोडकं. मग त्याने माणसं भरली. 1495 च्या फेब्रुवारीत सुमारे 1,600 ताइनोंना पकडून ला इसाबेलाला आणलं गेलं. त्यांतल्या 550 जणांना चार जहाजांत घालून स्पेनला विकायला पाठवलं. त्याच जहाजांतून परतणाऱ्या मिकेले दा कुनेओ या इटालियन माणसाने लिहिलं आहे की वाटेत सुमारे 200 जण मेले आणि त्यांची प्रेतं समुद्रात टाकली.

राणी इसाबेलाच्या दरबारात यावर गोंधळ उडाला. एप्रिल 1495 मध्ये या लोकांना विकण्याचा हुकूम निघाला आणि चारच दिवसांनी तो थांबवण्याचा दुसरा हुकूम निघाला. प्रश्न कायद्याचा होता. हे लोक राजाची प्रजा असतील तर त्यांना गुलाम म्हणून विकता येईल का? धर्मपंडितांना विचारा, तोवर विक्री थांबवा, असं ठरलं.

इथे खंडणीचं कायदेशीर रूप कळतं. गुलाम विकता येत नसेल तर प्रजेकडून कर घेता येतो. स्पेनमधल्या कॅस्टील या राज्यातला साधा शेतकरीही राजाला कर देत होताच. कागदावर ही व्यवस्था गुलामीपेक्षा सौम्य दिसते. मार्च 1495 मध्ये कोलंबसाने सुमारे 200 पायदळ, 20 घोडेस्वार आणि 20 शिकारी कुत्रे घेऊन बेटाच्या मधल्या सुपीक खोऱ्यातल्या ताइनोंच्या जमावाचा पराभव केला. ताइनोंनी घोडा पाहिलेला नव्हता. माणसावर सोडण्यासाठी शिकवलेले एवढे मोठे कुत्रेही नाहीत. त्या पराभवानंतर खंडणी लादली गेली.

नियम असा होता. सोनं सापडतं त्या सिबाओ भागात 14 वर्षांवरच्या प्रत्येकाने दर तीन महिन्यांनी एक घुंगरू भरून सोन्याची भुकटी आणायची. जिथे सोनं नाही तिथल्या प्रत्येकाने साधारण साडेअकरा किलो कापूस आणायचा. मोठ्या कासिकेंवर वेगळी मागणी होती. एकाकडून दर महिन्याला अर्धा भोपळा भरून सोनं मागितलं जाई.

तीन वर्षांपूर्वी जे घुंगरू भेट म्हणून हातात ठेवलं होतं, तेच आता माप झालं. खेळण्याची वस्तू दारात वसुलीला आली. कोलंबसाने हे मुद्दाम क्रूरपणे ठरवलं असं मला वाटत नाही. हाताशी एकसारख्या आकाराची, सगळ्यांना ठाऊक असलेली वस्तू तीच होती. पण ज्यांच्याकडून ती भरून मागितली त्यांना काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

सोनं भरलं की बिल्ला मिळायचा. कोलंबसाचा मुलगा फर्नांदो आणि पुढे या काळाचा इतिहास लिहिणारा स्पॅनिश धर्मगुरू बार्तोलोमे दे लास कासास, दोघांनीही याची नोंद केली आहे. बिल्ला तांब्याचा किंवा पितळेचा, त्यावर खूण केलेली. तो गळ्यात घालायचा. लास कासास सांगतो की दर वसुलीला खूण बदलायची, म्हणजे मागचा बिल्ला पुढच्या तिमाहीला चालणार नाही.

धातूबद्दल एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. ताइनोंना शुद्ध सोन्याचं फारसं कौतुक नव्हतं. त्यांना सोनं आणि तांबं मिसळलेला लालसर धातू आवडे, त्याला ते ग्वानीन म्हणत. कासिकेच्या छातीवर मानाचं पदक म्हणून तो झळके. स्पॅनिशांनी आणलेलं पितळ त्यांना त्याहून मोलाचं वाटलं. ते त्याला ‘तुरेय’ म्हणत, म्हणजे आकाशातलं. पितळेचा तुकडा ते नाकाशी नेऊन हुंगत, आकाशाचा वास घेत. क्युबातल्या एका दफनभूमीत ताइनोंच्या गळ्याशी पितळेच्या बारीक नळ्या सापडल्या आहेत. युरोपी कपड्यांच्या नाड्यांच्या टोकाला लावायच्या त्या नळ्या, ताइनोंनी दागिना म्हणून जपलेल्या. ज्या धातूचा तुकडा गळ्यात असणं हा मान होता, त्याच धातूचा तुकडा आता पावती म्हणून गळ्यात आला.

पावती कुठे ठेवायची असते? घरात, पेटीत, वहीत. कुणी विचारलं तर काढून दाखवायची. इथे पावती अंगावर होती. वाटेत भेटलेल्या कुठल्याही शिपायाने काही न विचारता नुसत्या नजरेने हिशोब करावा, अशी ती व्यवस्था होती. दोष सिद्ध करण्याची जबाबदारी वसुली करणाऱ्यावर नव्हती. तू निर्दोष आहेस हे तुझ्या गळ्याने सारखं दाखवत राहायचं. अंघोळीला नदीत उतरताना बिल्ला पडला, लेकराने ओढून तोडला, तर तू त्या क्षणापासून गुन्हेगार.

बिल्ला नसला तर शिक्षा काय? आज इंटरनेटवर सर्रास लिहिलेलं दिसतं की बिल्ला नसलेल्यांचे हात तोडत. इथे मी सावध राहतो. फर्नांदो आणि लास कासास दोघंही बिल्ल्याबद्दल सांगताना ‘बेताची शिक्षा’ असं म्हणतात. ताइनोंचे हात तोडून गळ्यात लटकावल्याची वर्णनं लास कासासने केली आहेत, ती अंगावर काटा आणतात. पण ती त्याने वेगवेगळ्या लढायांच्या आणि दहशतीच्या प्रसंगांत केली आहेत, बिल्ल्याच्या नियमाखाली नाहीत. हा फरक सांगितल्याने कोलंबसाचा गुन्हा कमी होत नाही. उलट या व्यवस्थेत माणसं कशाने मेली, हे नीट कळतं. ती बहुतेक करून तलवारीने मेली नाहीत.

ती भुकेने मेली. कशी ते पाहू.

सिबाओतलं सोनं खाणीतलं नव्हतं. डोंगरातून ओढ्यांबरोबर वाहत आलेले बारीक कण आणि क्वचित एखादा गोळा. ताइनो ते वेचत, पण गरजेपुरतं. दागिन्याला लागेल तेवढं. रेती चाळून, धुवून, दिवसचे दिवस सोनं काढण्याची त्यांची रीत नव्हती. त्यांच्याकडे जे सोनं होतं ते कित्येक पिढ्यांत साठलेलं. पहिल्या एक-दोन वसुल्यांत तेच बाहेर आलं असणार. त्यानंतर ओढ्यांत जे होतं तेवढंच.

आता एक घर डोळ्यांसमोर आणा. नवरा, बायको, दोन मोठी मुलं, एक म्हातारी आई. पाच माणसं, वर्षाला चार वसुल्या. म्हणजे 20 घुंगरं भरून सोनं, दरवर्षी. घरातलं प्रत्येक धडधाकट माणूस ओढ्यात वाकलेलं. मग शेत कोण करणार?

ताइनोंची शेती मातीच्या गोल ढिगाऱ्यांवर होई, त्या शेताला ते कोनुको म्हणत. मुख्य पीक युका, म्हणजे ज्याला आपण टॅपिओका म्हणतो तो कंद. त्याच्या कडू जातीत विष असतं. तो किसायचा, लांब विणलेल्या पिशवीत घालून पिळायचा, विषारी पाणी काढून टाकायचं आणि उरलेल्या पिठाची भाकरी तव्यावर भाजायची. खूप हात लागतात याला. लावणीनंतर कंद तयार व्हायला वर्षभर लागतं, कधी जास्तही. म्हणजे आज लावणी चुकली तर भूक आज कळत नाही, पुढच्या वर्षी कळते. उपासाला आपण जो साबुदाणा भिजवतो तो याच कंदापासून होतो. खिचडीत पडणारा बटाटा शब्दसुद्धा तिकडचाच: ताइनो भाषेत रताळ्याला बटाटा म्हणत, तो शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्या किनाऱ्यावर आला. ताइनोंच्या कोनुकोतली ही पिकं आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोचली, ते लोक मात्र आपल्या पुस्तकांपर्यंत पोचले नाहीत.

याच कंदाशी जोडलेला एक प्रसंग मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोठा वाटतो. मधल्या सुपीक खोऱ्याचा कासिके होता ग्वारिओनेक्स. शांत स्वभावाचा माणूस. रामोन पाने नावाचा एक साधू त्याच्या गावात राहून ताइनोंची भाषा आणि श्रद्धा शिकत होता, आज आपल्याला ताइनोंच्या देवांबद्दल जे ठाऊक आहे त्यातलं बरंचसं त्याच्या नोंदींतून आलं आहे. ग्वारिओनेक्स कोलंबसाकडे गेला आणि म्हणाला की माझ्या लोकांना सोनं काढता येत नाही. त्याबदल्यात मी तुला शेत करून देतो. ला इसाबेलापासून दक्षिण किनाऱ्यापर्यंत, या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत. लास कासास म्हणतो की त्या शेतातून सगळ्या कॅस्टीलला पोसता आलं असतं.

हा माणूस विनवणी करत नव्हता. तो तोडगा देत होता, आणि तोडगा दोन्ही बाजूंच्या फायद्याचा होता. ला इसाबेलातले स्पॅनिश स्वतः उपाशी मरत होते! स्पेनहून येणाऱ्या पिठावर आणि दारूवर ते जगत होते आणि जहाज उशिरा आलं की हाल होत. पण कोलंबसाला दरबारात धान्य दाखवायचं नव्हतं. लास कासासने त्याचं कारण स्पष्ट लिहिलं आहे: राजाराणीचा खर्च भरून काढायचा, विरोधकांची तोंडं बंद करायची, तर सोनंच हवं. त्याने नाही म्हटलं. खंडणी ठरली ती लोकांकडे काय आहे हे पाहून नव्हे, समुद्रापलीकडे कोणाला काय दाखवायचं आहे हे पाहून.

वसुली होईना, तेव्हा माप अर्ध्या घुंगरावर आणलं. तेही जमेना. लोकांनी शेतं सोडली, लावलेले कंद उपटून टाकले आणि डोंगरांत गेले. खायला काही राहिलं नाही तर हे परके निघून जातील, असा त्यांचा अंदाज होता. परके गेले नाहीत. डोंगरात मुळं, पाला, जे मिळेल ते खाऊन लोक मेले, त्यात युरोपातून आलेल्या आजारांची भर पडली. 1496 नंतर ही तिमाही वसुली आणि तिच्याबरोबर बिल्ला, दोन्ही मोडकळीला आले.

मोडले म्हणून लोक सुटले असं नाही. सोनं माणसाकडून घेता येत नाही, तर माणूसच घेऊ, असा पुढचा टप्पा आला. 1497 मध्ये फ्रान्सिस्को रोल्दान या बेटावरच्याच स्पॅनिश अधिकाऱ्याने कोलंबसाविरुद्ध बंड केलं, तेव्हा तडजोड म्हणून त्याच्या साथीदारांना जमिनीबरोबर तिथल्या ताइनोंचं श्रमही वाटून दिलं गेलं. 1503 मध्ये गव्हर्नर ओव्हान्दोच्या काळात राजाच्या हुकुमाने हीच वाटणी पक्की झाली. तिला एंकोमिएन्दा म्हणतात. एका स्पॅनिश माणसाला अमुक इतके ताइनो नेमून दिले, ते त्याच्यासाठी खाणीत आणि शेतात राबतील, तो त्यांना ख्रिस्ती धर्म शिकवेल. कागदावर ताइनो स्वतंत्र प्रजा होते. आठ-आठ महिने खाणीत राबणाऱ्याला त्या कागदाचा काय उपयोग?

आकडे सांगतो. 1492 ला बेटावर किती लोक होते यावर अभ्यासकांचं एकमत नाही. लास कासास 30 लाख म्हणतो, आजचे बहुतेक अभ्यासक त्याहून खूप कमी धरतात. पण वसाहतीच्या प्रशासनाने स्वतः केलेल्या मोजण्या आहेत. 1508 मध्ये सुमारे 60,000. 1514 मध्ये सुमारे 26,000. देवी या रोगाची पहिली मोठी साथ बेटावर आली ती 1518 च्या शेवटी. म्हणजे ‘सगळे रोगांनी मेले’ हे नेहमीचं उत्तर इथे पुरत नाही. देवी येण्याआधीच सहा वर्षांत निम्म्याहून जास्त माणसं नोंदींतून गेली होती.

या सगळ्याविरुद्ध कुणी बोललं का? बोललं. 1511 च्या डिसेंबरात बेटावरच्या सांतो दोमिंगो शहरातल्या चर्चमध्ये आंतोनियो दे मोन्तेसिनोस या धर्मगुरूने समोर बसलेल्या जमीनदारांना विचारलं, हे लोक माणसं नाहीत का? समोर कोलंबसाचा मुलगा दिएगो गव्हर्नर म्हणून बसला होता. लास कासास स्वतः त्या वेळी जमीनदार होता, त्याच्याकडेही ताइनो नेमून दिलेले होते. त्याने ते सोडायला 1514 उजाडलं. त्यानंतरची 50 वर्षं त्याने याच एका गोष्टीसाठी भांडण्यात घालवली. त्याच्या आकड्यांवर मी शंका घेतो, पण तो जे डोळ्यांनी पाहिलेलं लिहितो त्यावर नाही.

गळ्यातल्या बिल्ल्याची कल्पना मात्र पुन्हा पुन्हा जिवंत होत राहिली. जर्मनांनी आजच्या नामिबियात हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला, आणि 1907 मध्ये नियम काढले की सात वर्षांवरच्या प्रत्येक आफ्रिकी माणसाने क्रमांक घातलेला धातूचा बिल्ला बाळगायचा. ब्रिटिशांनी केनियात 16 वर्षांवरच्या आफ्रिकी पुरुषांना किपांदे दिलं. धातूची छोटी डबी, आत नाव, बोटांचे ठसे आणि मालकाचे शेरे असलेला कागद, दोरीने गळ्यात. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याची ती पद्धत ब्रिटिशांनी आधी बंगालमध्ये घडवली होती. गोऱ्यांच्या मळ्यातली नोकरी न विचारता सोडली की कागदावरून पत्ता लागे. केनियातले लोक त्या डबीला बकरीच्या गळ्यातली घंटा म्हणत. हिस्पॅनिओलात काय झालं होतं हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तरी शब्द घंटेचाच सुचला.

ताइनो संपले, असं पुस्तकांत बरीच वर्षं छापलं गेलं. ते खरं नाही. एन्रिकियो नावाच्या कासिकेने 1519 पासून 14 वर्षं डोंगरातून लढा दिला आणि शेवटी स्पेनच्या राजाला त्याच्याशी तह करावा लागला. शेजारच्या पोर्तो रिकोमध्ये झालेल्या जनुकीय अभ्यासात 60 टक्क्यांच्या आसपास लोकांची आईकडून आलेली वंशरेषा तिथल्या मूळ रहिवाशांपर्यंत जाते असं दिसलं. आज कॅरिबियनमधले आणि अमेरिकेतले अनेक लोक स्वतःला ताइनो म्हणवतात आणि ते शब्द, ते आरेइतो पुन्हा उभे करत आहेत.

ग्वारिओनेक्सचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं.

खंडणीचा जाच सहन होईना म्हणून 1498 मध्ये तो उत्तरेच्या डोंगरात मायोबानेक्स नावाच्या कासिकेच्या आश्रयाला गेला. स्पॅनिशांनी निरोप धाडला, त्याला आमच्या हवाली कर, नाहीतर गावं जाळू. मायोबानेक्सचे लोकही म्हणाले, देऊन टाक. मायोबानेक्स म्हणाला की हा चांगला माणूस आहे, त्याने कुणाचं वाईट केलेलं नाही, आणि याने मला आणि माझ्या बायकोला आपल्या प्रांताचा आरेइतो नाचायला शिकवला आहे. त्याने मित्राला दिलं नाही. गावं जाळली गेली, दोघंही पकडले गेले, मायोबानेक्स कैदेत मेला.

ग्वारिओनेक्स तीन वर्षांहून जास्त बेड्यांत होता. 1502 च्या उन्हाळ्यात त्याला स्पेनला न्यायचं ठरलं. त्याच सुमारास एका ओढ्याकाठी, जेवणाच्या सुट्टीत, एक ताइनो बाई काठीने जमीन टोकरत बसली होती. तिला 3,600 पेसो वजनाचा सोन्याचा गोळा सापडला, बेटावर सापडलेला सर्वांत मोठा. मालकांनी डुक्कर भाजलं आणि आनंदाने त्या गोळ्यावर ठेवून खाल्लं. लास कासास त्याच वर्षी पहिल्यांदा बेटावर पोचला. जहाज किनाऱ्याला लागताना काठावरची माणसं आनंदाने ओरडून दोन बातम्या देत होती: सोन्याचा मोठा गोळा सापडला आहे, आणि ताइनोंनी उठाव केला आहे, म्हणजे आता भरपूर गुलाम मिळतील. तो पुढे लिहितो, त्या बाईला सोन्यातला वाटा कुठला मिळणार, निदान त्या डुकराचा एक घास तरी तिला दिला असेल तर बरं.

तो गोळा आणि बेड्यांतला ग्वारिओनेक्स एकाच जहाजावर चढवले गेले. सुमारे 30 जहाजांचा तांडा निघाला आणि वादळात सापडला. त्या वादळाला आजही सगळं जग ताइनोंच्या शब्दानेच ओळखतं, हरिकेन. बहुतेक जहाजं बुडाली. ज्या जहाजावर ग्वारिओनेक्स होता, तेही. स्पेनला जी पोचली त्यांत ‘आगुखा’ नावाचं एक छोटं, जुनाट जहाज होतं. त्यावर कोलंबसाच्या वाट्याचं सोनं होतं.